लॅर्डाल: बोगद्यातून सुसाट निघून जाण्याआधी दोन रात्री थांबा

नॉर्वेची सहल आखताना आपल्या मंडळींची यादी साधारण ठरलेली असते: ऑस्लो, फ्लोमची रेल्वे, नॅरोयफ्योर्डमधली बोट, बर्गन, परत. यादी वाईट नाही. पण फ्लोमपासून गाडीने पाऊण तासावर लॅर्डाल नावाची नगरपालिका आहे. लोकवस्ती जेमतेम दोन हजारांच्या घरात. ऑस्लो-बर्गन ई-१६ महामार्ग तिच्यातूनच जातो, त्यामुळे हजारो पर्यटक तिथून जातात आणि त्यांतले बहुतेक ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने बोगद्यात शिरून दिसेनासे होतात. त्यांना थांबवण्यासाठी हा लेख.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. फक्त फ्योर्डचा फोटो हवा असेल तर लॅर्डालला जाऊ नका, त्यासाठी ऑरलँड आणि नॅरोयफ्योर्ड जास्त देखणे आहेत. लॅर्डाल बघायचं ते रस्त्यांसाठी. नॉर्वेचा पूर्व आणि पश्चिम भाग डोंगराने तोडलेला आहे. तो डोंगर ओलांडायची माणसाची कितीतरी शतकांची धडपड या एका दरीत, एकापुढे एक, अजून पायाखाली तुडवता येते. हे डोक्यात ठेवून फिरलात तर दोन दिवस कमी पडतील.

आधी नकाशा

सोग्नेफ्योर्ड हा नॉर्वेतला सर्वांत लांब फ्योर्ड. समुद्रापासून आत २०० किलोमीटरहून जास्त घुसलेला आणि सर्वांत खोल जागी १,३०० मीटर खोल. त्याच्या अगदी आतल्या टोकाकडच्या एका फाट्यावर लॅर्डाल्सोयरी हे नगरपालिकेचं मुख्य गाव आहे. समोर खारं पाणी, पाठीमागे लॅर्डाल नदीची लांबलचक दरी. ही दरी चढत चढत फिलेफ्येलच्या पठारावर जाते आणि पलीकडे व्हाल्ड्रेसमध्ये उतरते. होड्यांचा प्रवास जिथे संपतो आणि डोंगरवाट जिथे सुरू होते, नेमकं तिथे हे गाव वसलं.

केव्हा जायचं

जून ते सप्टेंबर. त्यातही जूनचा मध्य ते ऑगस्टची अखेर उत्तम. याचं कारण हवामानापेक्षा घाट आहे. ऑरलँड आणि लॅर्डाल यांना जोडणारा डोंगरावरचा रस्ता हिवाळ्यात बर्फाखाली असतो आणि साधारण जूनच्या सुरुवातीला खुला होतो. याच दरीतलं बोरगुन्डचं जुनं लाकडी चर्चही आतून फक्त वसंत ते शरद या काळातच पाहता येतं.

पावसाची धास्ती मात्र इथे कमी. बर्गनला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि लॅर्डालला पाचशेच्या आसपास. महाबळेश्वर आणि माण-खटाव यांच्यात जे नातं, तेच बर्गन आणि लॅर्डाल यांच्यात. ढग पश्चिमेच्या डोंगरांवर रिकामे होतात आणि इथे पोहोचेपर्यंत त्यांच्यात दम उरत नाही. म्हणूनच इथल्या शेतकऱ्यांनी फार पूर्वीपासून डोंगरातून पाट काढून शेतात पाणी आणलं. बटाटे, भाज्या, बेरी यांसाठी ही दरी आजही ओळखली जाते. तरी छत्री नाही तरी रेनकोट घ्याच, कारण घाटमाथ्यावर हे गणित चालत नाही. तिथे जुलैतही तापमान चार-पाच अंशांवर येऊ शकतं.

जूनमध्ये अंधाराची वाट बघत बसू नका. इथे मध्यरात्रीचा सूर्य दिसत नाही, तो पार उत्तरेला. पण रात्री अकरापर्यंत उजेड असतो आणि त्यानंतरही काळोख असा होतच नाही. झोपेची पट्टी बॅगेत टाका, विशेषतः मुलं बरोबर असतील तर.

व्हिसा, विमा, सामान

नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यासाठी मी म्हणेन की मार्चमध्येच कामाला लागा, कारण एप्रिल-मेमध्ये अपॉइंटमेंटची मारामार असते. प्रौढांची फी ९० युरो, शिवाय व्हिसा केंद्राचा सेवाआकार. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. एकाच सहलीत आणखी देश करत असाल तर जिथे सर्वांत जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्याच असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार त्या देशाकडे. 

सामानात एक गोष्ट आपल्या लोकांना नेहमी नडते. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, चीज हे सगळं घरी. खाकरा, भडंग, चटण्या, मेतकूट, तयार पोह्यांची पाकिटं न्यायला हरकत नाही, फक्त पाकिटावर घटक छापलेले असू द्या. आपल्या मोबाइल चार्जरची बारीक दोन पिनांची प्लग तिथे बहुधा बसते, जाड तीन पिनांची नाही, म्हणून अ‍ॅडाप्टर घ्या. रोख रक्कम जवळजवळ लागत नाही, कार्ड सगळीकडे चालतं. आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केलेली दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं मात्र जवळ ठेवा.

पोहोचायचं कसं

तीन मार्ग आहेत.

पहिला, ऑस्लोहून ई-१६ने. अंतर सुमारे ३०० किलोमीटर, गाडीने न थांबता साडेचार-पाच तास. याच रस्त्याने एक्स्प्रेस बसही आहेत. इतिहासाच्या दृष्टीने हाच मार्ग खरा, कारण तुम्ही व्हाल्ड्रेसमधून चढून फिलेफ्येल ओलांडता आणि दरीत उतरता, म्हणजे जुन्या वाटसरूंनी जे केलं तेच.

दुसरा, रेल्वेने. ऑस्लो-बर्गन गाडीने म्युर्दाल स्थानकावर उतरायचं. ते ८६७ मीटर उंचीवर आहे. तिथून फ्लोमची २० किलोमीटरची डोंगरी रेल्वे तासाभरात समुद्रसपाटीला आणते. फ्लोमहून बसने लॅर्डाल. आईवडील बरोबर असतील आणि गाडी चालवायची नसेल तर हा मार्ग निवडा.

तिसरा, बर्गनहून. ई-१६ने व्हॉस, गुडवांगेन, फ्लोम करत साडेतीन तास.

बस, रेल्वे, फेरी या सगळ्यांची वेळापत्रकं एन्टूर या एकाच अ‍ॅपवर मिळतात. बसने फिरणार असाल तर सवय लावून घ्या: आधी परतीची बस बघायची, मग जाण्याची. दिवसाला मोजक्याच फेऱ्या असतात आणि शनिवार-रविवारी त्याहून कमी.

गाडी भाड्याने घेणार असाल तर भारतीय परवान्याबरोबर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. गाडी उजव्या बाजूने चालते, दिवे दिवसाही लावलेले हवेत, वस्तीत ताशी ५० आणि बाहेर ८० ही सर्वसाधारण मर्यादा. दंड डोळे पांढरे करणारे आहेत. रक्तातल्या दारूची मर्यादा ०.२ प्रतिसहस्र, म्हणजे एक बिअरसुद्धा नको. टोल कॅमेऱ्याने आपोआप कापला जातो आणि भाड्याच्या गाडीचं बिल नंतर कार्डावर येतं, तेव्हा महिन्याने आलेला मेसेज पाहून घाबरू नका. अरुंद रस्त्यांवर ‘एम’ अक्षराची निळी पाटी दिसते. ती समोरून येणाऱ्याला वाट देण्याची जागा. ज्याला ती जवळ, त्याने मागे घ्यायचं. हॉर्न वाजवून इथे काही साध्य होत नाही.

पहिला दिवस: जुनी ओयरी

लॅर्डाल्सोयरीच्या नव्या बाजारपेठेतून दोन मिनिटं चाललात की जुनी वस्ती सुरू होते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली सुमारे १६० लाकडी घरं. ही श्रीमंतांची वस्ती नव्हे. कारागीर, खाणावळवाले, होडीवाले आणि स्वतःची जमीन नसलेली माणसं दुसऱ्याच्या जागेवर भाड्याने घर बांधून इथे राहत. म्हणून घरं लहान आणि एकमेकांना खेटून आहेत. काठावर होड्या ठेवायच्या कोठ्या आहेत. डोंगरापलीकडले शेतकरी आपला माल घेऊन इथवर उतरायचे, बर्गनकडून समुद्रमार्गे आलेला माल घ्यायचे आणि परत चढायचे. इथला बाजार प्रसिद्ध होता.

पश्चिमेच्या टोकापासून सुरुवात करा आणि सावकाश फिरा, दीड तास पुरतो. नुसते रंग बघू नका, एखाद्या घराच्या कोपऱ्याशी उभे राहून जोड बघा. जुन्या घरांत आडवे ओंडके कोपऱ्यात खाच पाडून एकमेकांत अडकवलेले असतात, वरून फळ्या ठोकलेल्या. फळ्या नंतरच्या, ओंडके आधीचे. काही घरांना व्हरांडा आणि नक्षीची झालर दिसते, ती एकोणिसाव्या शतकात पर्यटक येऊ लागल्यावरची फॅशन. इंग्रज सरदार सामन माशाच्या शिकारीसाठी तेव्हापासून या नदीवर येत. ही सगळी राहती घरं आहेत. खिडकीत डोकावून फोटो काढणं, अंगणात शिरणं टाळा.

फिरताना मध्येच अगदी नवी घरं दिसतील. १८ जानेवारी २०१४च्या रात्री इथे आग लागली आणि जोरदार वाऱ्याने ती घरामागून घर पुढे सरकली. सुमारे ४० इमारती जळाल्या. एकही जीव गेला नाही आणि जुन्या ओयरीचा मोठा भाग वाचला. हिवाळ्यातली कोरडी थंडी लाकूड आतून सुकवते, त्यात वारा, त्यात खेटून बांधलेली घरं. या गल्ल्यांत सिगारेटचं थोटूक टाकताना पाहिलं की तिथल्या माणसाच्या कपाळावर आठी का येते, ते या तारखेवरून कळावं.

दुपारनंतर नदीकाठी जा. सामन माशांसाठी ही नदी युरोपभर नावाजलेली. तिच्यावरही एक संकट येऊन गेलं. १९९६मध्ये इथे एक सूक्ष्म परजीवी सापडला, जो सामनच्या पिल्लांच्या अंगावर वाढून त्यांना मारतो. नदीवर वर्षानुवर्षं रासायनिक उपचार झाले आणि २०१७मध्ये ती परजीवीमुक्त जाहीर झाली. मासेमारीची हौस असेल तर सरकारी शुल्क, त्या पट्ट्याचा स्थानिक परवाना आणि गळ-बूट निर्जंतुक केल्याचा दाखला हे तिन्ही लागतं. शिवाय मासे कमी आले तर हंगामच बंद ठेवतात, म्हणून आधी चौकशी करा. नुसतं बघायचं असेल तर गावातलं वन्य सामन केंद्र आहे. त्याच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात.

दुसरा दिवस: बोरगुन्ड आणि राजरस्ता

या दिवसासाठी खरं तर ही सगळी खटपट. बोरगुन्डचं स्टाव्ह चर्च, म्हणजे उभ्या लाकडी खांबांवर उभारलेलं मध्ययुगीन चर्च, गावापासून पूर्वेला सुमारे ३० किलोमीटरवर आहे आणि चुकवणं फार सोपं आहे, कारण आजचा ई-१६ बोगद्यातून त्याला बगल देऊन जातो. तपकिरी पाटी दिसली की महामार्ग सोडून जुन्या रस्त्याला लागा. नॅव्हिगेशनमध्ये दरीचं किंवा नगरपालिकेचं नाव न टाकता चर्चचंच नाव टाका, नाहीतर बाई तुम्हाला इमानेइतबारे डोंगराच्या पोटातून नेतील.

चर्च इसवी सन ११८०च्या सुमारास तोडलेल्या लाकडाचं आहे. नॉर्वेत अशी २८ उरली आहेत आणि जसंच्या तसं राहिलेलं म्हणून सगळे याच्याकडे बोट दाखवतात. ते टिकलं कसं, हे त्याच्या पायाशी दिसतं. खांब थेट जमिनीत गाडलेले नाहीत. दगडी पायावर आडव्या तुळया आणि त्यांवर खांब. लाकडाला मातीचा ओलावा लागत नाही, म्हणून ते कुजत नाही. वरून डांबरासारखा पाइनचा काळा रस फासलेला. उन्हाच्या दिवशी भिंतीजवळ गेलात तर त्याचा उग्र धुरकट वास नाकात बसतो.

आधी बाहेरून एक फेरी मारा. छपरांवर छपरं, त्यांवर माशाच्या खवल्यांसारख्या लाकडी चिपा, वरच्या कोपऱ्यांवर क्रूस आणि त्याहून वर तोंड वासलेले व्याल. पश्चिमेच्या दारावर वेली आणि सर्प एकमेकांत असे गुंतलेत की एकाची शेपटी शोधता शोधता पाच मिनिटं जातात. इथेच भिंतींवर रूनिक या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत माणसांनी कोरून ठेवलेल्या ओळी आहेत. संत ओलाव्हच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी इथून जाणाऱ्या थोरिर नावाच्या एकाने लिहिलंय की नियतीदेवतांनी बरंही केलं आणि वाईटही, आणि त्याच्या वाट्याला फार कष्ट घातले. चर्चच्या भिंतीवर, ख्रिस्ती सणाच्या तोंडावर, जुन्या धर्मातल्या देवतांबद्दल गाऱ्हाणं! मला तर सगळ्या नक्षीपेक्षा हा वैतागलेला वाटसरूच जवळचा वाटतो.

आत गेल्यावर लगेच फोटोच्या मागे लागू नका. खिडक्या म्हणजे वर उंचावर छोटी गोल भोकं, त्यामुळे सुरुवातीला काही दिसत नाही. दोन मिनिटांनी उंच खांब, त्यांना जोडणाऱ्या फुलीच्या आकाराच्या तुळया आणि वर छपराचा सांगाडा उलगडतो. बाक, सज्जे असं फारसं काही नाही, ते एकोणिसाव्या शतकातल्या जीर्णोद्धारात काढलं गेलं. १८५१च्या कायद्याने चर्चमध्ये गावच्या लोकसंख्येच्या ठरावीक हिश्श्याला जागा असलीच पाहिजे असं ठरवलं आणि अशी कित्येक लहान चर्च पाडली गेली. बोरगुन्डला नशिबाने १८६८मध्ये शेजारी नवं चर्च बांधलं आणि जुनं तसंच राहू दिलं. १८७७मध्ये ते वारसा जतन करणाऱ्या संस्थेने विकत घेतलं आणि आजही तिच्याकडेच आहे. तिकीट जवळच्या अभ्यागत केंद्रात मिळतं, तिथलं प्रदर्शन आधी बघून मग चर्चकडे जा. क्रूझवाल्यांच्या बस साधारण अकरा ते तीन येतात. सकाळी दार उघडताना किंवा शेवटच्या तासाला गेलात तर तुलनेने शांतता मिळते.

बहुतेक जण इथून गाडीकडे वळतात. तुम्ही वळू नका. चर्चच्या मागूनच राजरस्ता जातो. ऑस्लो (तेव्हाचं क्रिस्तियानिया) आणि बर्गन यांना जोडणारा, चाकांची गाडी जाऊ शकेल असा हा पहिला रस्ता. १७९०च्या दशकात फिलेफ्येलवरून बांधला. बोरगुन्डजवळचा त्याचा विंधेला नावाचा घाट १७९३मध्ये झाला. तो इतका खडा होता की घोड्यांचा जीव जाई, म्हणून १८४३मध्ये तो वळणं घेऊन, उंच दगडी बांध घालून पुन्हा बांधला. ते बांध आज आहेत तसे आहेत. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. एका वळणावर खाली उभे राहून भिंतीकडे पाहा, खालचे दगड केवढे आणि वरचे केवढे ते बघा, मग कामाचा अंदाज येईल. या राजरस्त्याच्या डागडुजीला युरोपातला वारसा पुरस्कारही मिळाला आहे.

विंधेला चढून पलीकडे हूसुमच्या बाजूला उतरायचं आणि स्वेरे राजाच्या नावाच्या पायवाटेने परत यायचं, असा फेरा दीड-दोन तासांत होतो. ही पायवाट राजरस्त्याहूनही जुनी. गुडघे दुखत असतील तर फक्त विंधेलाच्या वळणांपर्यंत जाऊन मागे फिरा. बूट पकड असलेले हवेत, ओल्या दगडावर साधे स्पोर्ट्स शूज घसरतात. बोकड-मेंढ्यांसाठी फाटकं असतात, उघडलं तसं लावून घ्या. खाली नदीकाठचा जुना मोटाररस्ता, डोंगराच्या पोटात ई-१६. एका नजरेच्या टप्प्यात चार पिढ्यांचे रस्ते आहेत.

अजून दम असेल तर परतताना वाटेत गाल्दानेचा टप्पा करा. तिथे राजरस्ता नदीच्या घळीवर कड्याला चिकटून जातो.

बोगदा की घाट

लॅर्डालहून ऑरलँड-फ्लोमकडे जायला दोन वाटा आहेत, आणि हवा स्वच्छ असेल तर उत्तर एकच: घाटाने जा, बोगद्याने परत या.

बोगदा २४.५ किलोमीटरचा, जगातला सर्वांत लांब मोटाररस्त्याचा बोगदा. २७ नोव्हेंबर २००० रोजी खुला झाला, टोल नाही. वीस मिनिटं डोंगराच्या आत गाडी हाकताना चालकाला पेंग येते किंवा जीव घाबरतो, हे ओळखून दर सहा किलोमीटरवर एक अशा तीन मोठ्या गुहा खोदल्या आणि त्यांत पहाटेसारखा निळा-पिवळा उजेड सोडला. गुहेत थोडं थांबून पुढे जाता येतं. बंद जागेची भीती असलेलं कुणी बरोबर असेल तर आधी सांगून ठेवा की मोजून तीन निळ्या गुहा येतील आणि मग संपेल. सायकलला बंदी.

घाट म्हणजे ऑरलँड्सफ्येलेट, ४७ किलोमीटर, माथा १,३०६ मीटर. जूनमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती माणसाहून उंच असतात. दीड तासाचा रस्ता आहे, तीन तास धरा. वाटेत व्हेदाहाउगाने इथे थांबा, तिथे डोंगरात केलेल्या गुहेत कचऱ्याच्या ढिगावर झोपलेलं अस्वल आहे, कलाकृती म्हणून. मुलांना फार आवडतं, मोठ्यांना काय ते कळत नाही. ऑरलँडच्या बाजूला उतरताना स्टेगास्टाइनचा सज्जा लागतो. फ्योर्डच्या पाण्यापासून ६५० मीटर उंचीवर, कड्यातून ३० मीटर बाहेर काढलेला आणि टोकाला फक्त काच. दुपारी तिथे गाड्या लावायला जागा नसते. संध्याकाळी सातनंतर जा, उजेड भरपूर असतो. निघण्याआधी रस्ता खुला आहे का, हे रस्ते विभागाच्या संकेतस्थळावर आणि हवा यर अ‍ॅपवर बघा. माथ्यावर ढग असतील तर हट्ट करू नका, चार हात पुढचं दिसत नाही.

मुक्काम आणि जेवण

गावात हॉटेलं, लाकडी कॅबिनची कॅम्पिंगं आणि भाड्याची घरं आहेत. चौघांच्या कुटुंबाला स्वयंपाकघर असलेली कॅबिन सर्वांत परवडते. चादरी-टॉवेल भाड्यात आहेत का, हे आरक्षण करतानाच विचारा, बऱ्याचदा नसतात. उपाहारगृहं थोडी आणि महाग, शाकाहारी पदार्थ त्याहून थोडे. किराणा दुकानातून भात, डाळी, दही, ब्रेड, इथलेच बटाटे आणि स्ट्रॉबेरी घेऊन स्वतः रांधणं शहाणपणाचं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान भरा. पाणी विकत घेऊ नका, नळाचं उत्तम असतं.

तंबू ठोकायचा असेल तर मोकळ्या, न पिकवलेल्या जमिनीवर तो हक्क सगळ्यांना आहे. राहत्या घरापासून किमान १५० मीटर लांब आणि एका जागी दोन रात्री. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात किंवा जंगलालगत शेकोटीला बंदी. पिकाच्या शेतात आणि गवताच्या कुरणात पाऊल टाकायचं नाही.

पुढे जायचं असेल तर

लॅर्डाल्सोयरीपासून उत्तरेला बोगद्यातून फोदनेसचा धक्का येतो. तिथून मानहेलरला फेरी पंधरा मिनिटांत जाते, गाडीसकट, आणि दिवसभर सतत सुरू असते. आरक्षण लागत नाही. रांगेच्या पट्ट्यात उभे राहा, खुणावलं की चढा, पैसे नंबरप्लेटवरून जातात. पलीकडे कौपांगरचं स्टाव्ह चर्च वाटेतच आहे. तिथून पुढे सोलव्होर्नला जाऊन छोट्या फेरीने उर्नेसला पोहोचता येतं. ते चर्च १९७९पासून जागतिक वारसा यादीत आहे. बोरगुन्ड आणि उर्नेस एकाच दिवशी करायचा मोह आवरा आणि उर्नेसला तिसरा दिवस द्या. सोलव्होर्नच्या फेऱ्या मोजक्या असतात, म्हणून इथेही परतीची वेळ आधी बघायची.